चामड्याचा वायसर

भाचीला आईचा जुना पितळी स्टोव्ह हवा होता. पेटवायला नव्हे. बर्नर काढून तिथे बल्ब बसवायचा आणि बैठकीत दिवा म्हणून ठेवायचा, असं तिच्या मनात होतं. हल्ली तशी फॅशन आहे म्हणे. माळ्यावरून खाली काढला तेव्हा तो काळपट-हिरवा पडलेला, एक पाय वाकलेला, आणि टाकीच्या तोंडाशी नाक नेलं तर इतक्या वर्षांनीही रॉकेलचा वास. चिंचेने घासून थोडा उजळला. वाकडा पाय मात्र माझ्याच्याने सरळ होईना, म्हणून नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका गल्लीत घेऊन गेले. दुकान कसलं, दोन पायऱ्यांची जागा. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने दोन ठोक्यांत पाय सरळ केला आणि मग, मी काही न सांगताच, पंपाचं टोपण फिरवून दांडा बाहेर ओढला. दांड्याच्या टोकाला चामड्याचा वायसर होता. वाळून कडक झालेला, कडा तुटलेल्या. "हा बदलावा लागेल ताई." मी म्हटलं, अहो, याचा दिवा करायचाय, दिव्याला वायसर कशाला? त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि तरी डब्यातून नवी चकती काढली. वाटीतल्या तेलात ती बुडवून अंगठ्याने मऊ होईपर्यंत चोळत बसले. दांड्याला बसवली, पंप दोनतीनदा मारला आणि समाधानाने म्हणाले, "आता हवा धरतो. स्टोव्ह चालेना की लोक पिन मारतात, निपल बदलतात, बर्नर बदलतात. वायसर कोणी बघत नाही. दिसत नाही ना."

पैसे दिले, रिक्षात बसले. पण ते "दिसत नाही ना" डोक्यातून जाईना. कारण चामड्याची अशीच एक तेल प्यायलेली चकती मला आधीपासून ठाऊक होती. ती स्टोव्हमध्ये नव्हती. ती रॉकेटच्या विमानांत होती आणि तिच्यापायी चार विमानं गेली.

माझे बाबा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर होते. आमच्या घरी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एका इंग्रजी मासिकातलं कापलेलं चित्र चिकटवलेलं असायचं. भडक नारिंगी रंगाचं, आखूड सरळ पंखांचं, नाकाशी टोकदार आणि मधे फुगीर असं विमान. अमेरिकेतल्या बेल कंपनीचं, रॉकेटच्या जोरावर उडणारं एक्स-१. बाहेर देवांची तसबीर आणि आत हे. बाबा डबा काढायला कपाट उघडत, तेव्हा रोज सकाळी आम्हाला त्याचं दर्शन व्हायचं. विमानाचा आकार बंदुकीच्या गोळीवरून घेतला, हे बाबांना फार आवडे. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी आणि तरी न भेलकांडणारी कुठली वस्तू आपल्याला माहीत आहे? गोळी. मग गोळीलाच पंख लावा. अर्धा इंची गोळीचा नकाशा घेऊन त्यांनी माणूस मावेल एवढं विमान काढलं. "एवढं सरळ डोकं पाहिजे," बाबा म्हणायचे, आणि बहुधा त्या वाक्याचा रोख माझ्या गणिताकडे असे.

गोष्ट सांगायची त्यांची एक पद्धत होती. हिरो चक येगर, ध्वनीचा वेग ओलांडणारा पहिला वैमानिक, पण बाबांच्या तोंडी जास्त नाव यायचं जॅक रिडलीचं. रिडली हा येगरचा मित्र, हवाईदलाचा इंजिनीअर. कॅलिफोर्नियात म्युरॉक नावाचं वाळवंट, तिथे एक मैलोन्‌मैल सपाट, सुकलेलं तळं, धावपट्टी आयती. एक्स-१ स्वतः जमिनीवरून उडत नसे. बी-२९ या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाच्या पोटात त्याला लटकवून वर न्यायचं आणि वीसेक हजार फुटांवरून सोडून द्यायचं. त्याच्याकडे इंधन असायचं जेमतेम अडीच मिनिटांचं. ते उडण्यात कोण घालवणार? ध्वनीच्या वेगाजवळ जाताना विमानं का बिघडतात, हे तेव्हा कोणाला नीट कळत नव्हतं. लढाईत सूर मारणाऱ्या विमानांची सुकाणू दगडासारखी घट्ट व्हायची, शेपट्या तुटायच्या. ब्रिटनमध्ये १९४६ च्या सप्टेंबरात जेफ्री डी हॅव्हिलंड हा वैमानिक असल्याच एका विमानाबरोबर आकाशात तुकडे होऊन गेला. विमानाच्या नमुन्यावर वारा सोडून बघतात त्या बोगद्यात प्रयोग करावा, तर नेमक्या त्याच वेगाला बोगद्यातली हवा तुंबायची आणि आकडे खोटे यायचे. तेव्हा बोगदा सोडून आकाशातच प्रयोगशाळा न्यायची, असं ठरलं. एक्स-१ म्हणजे तेच. लढायला नाही, माल न्यायला नाही. मोजमापाची यंत्रं पोटात घेऊन वेगाने जायचं आणि आकडे घेऊन परत यायचं, एवढंच त्याचं काम.

येगर टप्प्याटप्प्याने वर चढत होता. मॅक ०.९४ ला, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ९४ टक्क्यांना पोचल्यावर त्याने दांडा मागे ओढला आणि काहीच झालं नाही. नाक वरही जाईना, खालीही जाईना. शेपटीच्या आडव्या पंखाच्या मागच्या कडेला जो हलता पट्टा असतो, त्याच्यावर हवेचा धक्का-तरंग येऊन बसला होता आणि पट्टा निकामी झाला होता. इथे बाबांचा आवाज खाली यायचा. रिडलीने काय केलं? त्याने वहीत आकडेमोड केली आणि म्हणाला, पट्टा सोडून दे, अख्खं शेपूटच हलव. बेलच्या लोकांनी आडवं शेपूट सगळंच्या सगळं थोडं वरखाली करता येईल अशी सोय ठेवली होती. पण ती उड्डाणात, त्या वेगाला, वापरायचं धाडस कोणाच्या मनात आलं नव्हतं. अगदी थोडं, पाव अंशासारखं हलव, रिडली म्हणाला. आणि ते चाललं.

मला हे पुढे ओझरला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे त्या दिवशी, मिग-२१ च्या शेपटीपाशी बाबा मला घेऊन गेले. "बघ, याला पट्टा नाही. अख्खा पंख फिरतो." चकचकीत अॅल्युमिनियमचा तो पंख हाताला गार लागला, त्यावर बोटांचे ठसे उठले आणि बाबांनी खिशातल्या कापडाने ते लगेच पुसले. त्या शेपटीत रिडलीच्या वहीचा अंश आहे, असं ते सांगत. ते खरंच होतं; ध्वनीच्या पलीकडे लढणारी जवळजवळ सगळीच विमानं पुढे तशा शेपटीची झाली. २०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ ला हवाईदलाने निरोप दिला. टीव्हीवर ते बघताना मी पहिली शेपटीच शोधली.

तर १४ ऑक्टोबर १९४७. त्या दिवसाची केरसुणीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. दोन दिवस आधी येगर रात्री घोड्यावरून पडला, उजव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्या. तळावरच्या डॉक्टरला सांगितलं तर उडू देणार नाहीत, म्हणून शेजारच्या गावात जाऊन पट्टा बांधून घेतला. एक्स-१ चं दार उजव्या बाजूला होतं आणि आतून कडी लावायला जोर लागायचा. उजवा हात तर वर होत नाही. रिडलीने झाडूचा दांडा कापून वीतभर तुकडा दिला, तो डाव्या हाताने तरफेसारखा वापरून येगरने दार बंद केलं. आणि मग बी-२९ ने त्याला सोडलं, त्याने चारपैकी एकेक करत ज्वालाकक्ष पेटवले, सुमारे ४३ हजार फुटांवर सरळ झाला आणि मॅकमीटरचा काटा थरथरत थरथरत आकड्यांच्या पलीकडे गेला. वेग मॅक १.०६. थरथर थांबली. खाली वाळवंटात लोकांना गडगडाट ऐकू आला.

केरसुणी मजेची आहेच, पण मला जास्त आवडतो तो शाम्पू. येगरच्या पाठीमागे द्रवरूप ऑक्सिजनची टाकी होती. उणे १८३ अंश. भरताना विमानाच्या नारिंगी अंगावर पांढरं दव गोठायचं, त्याचे पापुद्रे पडायचे. आत वैमानिकाची जागा गरम करायची काही सोय नाही. ऑक्टोबरातलं कॅलिफोर्नियाचं ऊन बाहेर, आणि हा आत कुडकुडतोय. श्वासाची वाफ समोरच्या काचेवर जाऊन गोठतेय. काचेतून दिसलं नाही तर उतरायचं कसं? तर काच आतून साध्या केसांच्या शाम्पूने पुसून ठेवायची, मग दव धरत नाही, ही युक्ती जमिनीवरच्या मेकॅनिकने काढली होती. कोट्यवधींचं विमान, काचेला शाम्पू, दाराला झाडू. हे ऐकताना आईसुद्धा कणीक मळता मळता हसायची. आणि बाबांना तर ते हसू नकोच असायचं. त्यांच्या दृष्टीने शाम्पूवाला मेकॅनिक हा येगरच्या बरोबरीचा माणूस होता. "पायलटचं नाव पेपरात येतं. फिटरचं चौकशीत."

हे वाक्य मला तेव्हा नुसतं कडवट वाटायचं.

चौकशीकडे मी फार नंतर वळले. कपाटातलं चित्र कधीच गेलं होतं, बाबाही गेले होते. त्यांची आठवण आली की मी या विमानांबद्दल वाचते. दुसऱ्या कोणी भजनं लावली असती. वाचताना लक्षात आलं की बाबांनी गोष्ट १९४७ ला थांबवली होती. त्यानंतरची आठ वर्षं त्यांनी कधी सांगितली नाहीत. त्यांना माहीत नव्हती, की माहीत होती आणि फिटरच्या तोंडून ती निघत नव्हती, हे आता कळायला मार्ग नाही.

पहिल्या एक्स-१ नंतर त्याची भावंडं बांधली गेली, जास्त इंधनाची, जास्त वेगाची. २२ ऑगस्ट १९५१ ला एक्स-१डी नावाचं विमान मातृविमानाच्या पोटात वर गेलं. वैमानिक फ्रँक एव्हरेस्ट. टाक्यांमध्ये दाब भरताना धडाका झाला, आग लागली. एव्हरेस्ट वर चढून आला, आणि जळतं विमान वाळवंटात सोडून द्यावं लागलं. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला तिसरं एक्स-१, ज्याला लाडाने क्वीनी म्हणत, न वापरलेलं इंधन घेऊन परत आलं होतं आणि जमिनीवर त्याच्या टाक्या रिकाम्या करत होते. स्फोट झाला. क्वीनी गेली, तिला नेणारं बी-५० गेलं, वैमानिक जो कॅनन भाजून कित्येक महिने इस्पितळात पडला. मग १२ मे १९५३. या वेळी मागे वळलेल्या पंखांचं, पोलादी अंगाचं एक्स-२. मातृविमानातून सोडायचंही नव्हतं त्या दिवशी. फक्त वर नेऊन ऑक्सिजन भरण्याची चाचणी. लेक ओंटॅरिओच्या वर स्फोट झाला. बेलचा वैमानिक स्किप झीग्लर आणि मातृविमानातला फ्रँक वोल्को असे दोघे गेले, एक्स-२ तळ्यात पडलं. फुटक्या पोटाचं बी-५० कसंबसं घरी पोचलं.

झीग्लरचं नाव निदान वैमानिकांच्या यादीत सापडतं. वोल्कोचं नाव वाचताना मी थांबले. तो काही वेगाचा विक्रम करायला गेला नव्हता. तो टाकी भरायला गेला होता.

प्रत्येक स्फोटाची चौकशी झाली, आणि प्रत्येकाला वेगळा संशयित मिळाला. कुठे गळलेली वाफ, कुठे ठिणगी, कुठे दाबाच्या नळ्या. ते मूर्ख नव्हते. जळून गेलेल्या, तळ्यात बुडालेल्या गोष्टीतून पुरावा काढायचा कसा? शिवाय विमानं निरनिराळी, जागा निरनिराळ्या, एक जमिनीवर तर दुसरं आकाशात. अपघात एकेकटा पाहिला की त्याचं कारणही एकेकटंच सापडतं. आणि दरम्यान विक्रम चालूच होते. २० नोव्हेंबर १९५३ ला स्कॉट क्रॉसफील्डने डग्लस कंपनीच्या स्कायरॉकेटमधून ध्वनीच्या दुप्पट वेग गाठला. त्यासाठी विमानाला मेण लावून घासूनपुसून गुळगुळीत केलं होतं आणि अल्कोहोल आधी थंड केलं होतं, म्हणजे टाकीत चार थेंब जास्त मावतील. तीन आठवड्यांनी येगर एक्स-१ए मधून मॅक २.४४ ला गेला. तिथे विमान तिन्ही अंगांनी गरगरायला लागलं, मिनिटभरात पंधराएक किलोमीटर खाली आलं, त्याचं शिरस्त्राण आपटून छताला तडा गेला, आणि तरी त्याने ते सावरून तळ्यावर उतरवलं. वैमानिकाच्या कौशल्याची ही बहुधा त्या काळातली सगळ्यात थोर गोष्ट असेल. मला मात्र ती वाचताना एकच दिसतं. तो तसा गडाबडा लोळत असताना पाठीमागच्या ऑक्सिजनच्या टाकीत चामडं होतंच की.

कारण पुढे गेलं ते हेच विमान. ८ ऑगस्ट १९५५. एक्स-१ए आता एनएसीएकडे होतं, नासाच्या आधीची संस्था. वैमानिक जो वॉकर आत बसलेला, बी-२९ सुमारे तीस हजार फुटांवर, सोडायची वेळ होत आलेली. टाकीत दाब भरला आणि धडाका. वॉकर वर निघून आला. एक्स-१ए ची चाकं त्या दणक्याने बाहेर आली होती. पोटाखाली ते लोंबतं धूड घेऊन बी-२९ ला जमिनीवर टेकता येणं शक्य नव्हतं. बी-२९ चालवत होता स्टॅन बुचार्ट. टाक्या रिकाम्या करायची खटपट झाली, जमली नाही, आणि शेवटी त्याने विमान वाळवंटात सोडून दिलं. सगळी माणसं वाचली. म्हणजे या वेळी सांगायला साक्षीदार होते, आणि खाली वाळूत, कोरड्या जागी, अवशेष होते. आणि चौथी वेळ होती.

ओझरच्या शाळेतून येताना कधीकधी मी बाबांच्या एका मित्राच्या वेल्डिंगच्या दुकानात थांबायचे. तिथे ऑक्सिजनचा काळा सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला असायचा. तो मित्र एरवी कशालाही हात पुसायचा नाही, जेवणालासुद्धा नाही, पण सिलिंडरच्या चावीला हात लावायच्या आधी मात्र मातीत हात चोळून मग कोरड्या फडक्याने पुसायचा. तेलाचा डबा सिलिंडरच्या बाजूला दिसला तर पोऱ्याला शिव्या. एकदा मी विचारलं, आटे घट्ट झालेत तर थोडं तेल का नाही सोडत? तो आणि बाबा दोघेही माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की मी पुन्हा विचारलं नाही. बाबा घरी येताना म्हणाले, ऑक्सिजनला तेल दाखवायचं नसतं. बस, एवढंच. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली तेलाला भेटला की ठिणगीचीही गरज लागत नाही, हे दुकानातल्या चौथी शिकलेल्या पोऱ्यालाही माहीत होतं.

मग तिकडे, जगातल्या सगळ्यात हुशार लोकांच्या तळावर?

एनएसीएच्या लोकांनी या वेळी वाकून टाकीच्या आत पाहिलं. टाकीची झाकणं आणि नळ्यांचे जोड गळू नयेत म्हणून तिथे गॅस्केट लागतात. बाबा त्याला पॅकिंग म्हणत. उणे १८३ अंशाला रबर ठिसूळ होऊन तडकतं. चामडं बरं टिकतं. पण नुसतं चामडं सच्छिद्र, म्हणून त्याला मेण आणि ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचा तेलकट पदार्थ पाजायचा. उल्मर लेदर अशा नावाने ते बाजारात मिळे. आता यातली मेख अशी की ट्रायक्रेसिल फॉस्फेट हा एरवी वस्तूंना आग लागू नये म्हणून वापरला जाणारा पदार्थ आहे. ज्याने ते निवडलं असेल त्याने कागद बघूनच निवडलं असेल, आणि कागदावर ते सगळ्यात सुरक्षित दिसलं असेल. पण द्रवरूप ऑक्सिजनमध्ये भिजलेल्या त्या चामड्याचे तुकडे घेऊन त्यांच्यावर वजन पाडून पाहिलं, तेव्हा ते फटाक्यासारखे उडाले. ठिणगी नको, ज्योत नको, धक्का पुरे. टाकीत दाब भरताना बसतो तेवढा धक्का. बोटभर चामडं उडालं की त्याच्यामागे टाकी, टाकीच्या मागे विमान. एक्स-१डी, क्वीनी, एक्स-२, एक्स-१ए. चारही एकाच माळेत ओवली गेली. उरलेल्या विमानांमधली चामडी पॅकिंग काढून टाकली आणि तसे स्फोट थांबले.

मला राग यावा की कीव यावी, हे अजून ठरत नाही. एका दिवशी वाटतं, वेल्डिंगवाल्याला बोलवायला हवं होतं, त्याने टाकीत डोकावून आधी शिवीच दिली असती. दुसऱ्या दिवशी वाटतं, त्याला तरी चामडं दिसलं असतं का? तेलाचा डबा दिसतो. तेल पिऊन कोरडं दिसणारं चामडं हाताला कोरडंच लागतं. शिवाय ज्या तळावर सगळ्यांची मान वर, आकाशाकडे, मॅकमीटरच्या काट्याकडे, तिथे खाली वाकून झाकणाच्या कडेला बोट लावणाऱ्याला किती मान असेल? "ध्वनीची भिंत" असं म्हटलं की सगळ्यांना तिच्यावर डोकं आपटून मेलेले वीर आठवतात. एक्स-१ च्या सगळ्या भावंडांत त्या भिंतीवर आपटून एकही माणूस मेला नाही. भिंत सोपी निघाली. माणसं भाजली आणि मेली ती पॅकिंगने.

इथे मला एक अवघड गोष्ट आठवते, आणि ती इथे आणावी की नाही याचा मी बराच विचार केला. आम्ही शाळेत असताना पेपरात दर थोड्या दिवसांनी एक चौकट यायची: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. शब्द ठरलेले. आई ती चौकट वाचायची आणि आमच्या स्टोव्हला पंप मारता मारता म्हणायची, "हे स्टोव्ह सुनांच्याच हातात बरे भडकतात. सासूच्या हातात कसा कधी भडकत नाही?" १९८३ साली सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं, पुढे त्या बातम्यांचे शब्दही थोडे बदलले. पण त्या काळात कोणी स्टोव्ह उचलून नेला, उघडला, त्याचा वायसर, निपल, टाकी तपासली, असं निदान त्या चौकटीत कधी वाचल्याचं आठवत नाही. तिकडे खरं कारण चामड्यात दडलं होतं आणि ठपका वाफेवर, ठिणगीवर. इकडे स्टोव्ह बिचारा निर्दोष असायचा आणि ठपका त्याच्यावर. दोन्हीकडे सोय एकच होती: एकेक घटना सुटी धरायची. शंभर चौकटी एकाखाली एक चिकटवून पाहणारं कोणीतरी लागतं. आई तसं करायची, तिच्याकडे फक्त टाकी उघडायचा अधिकार नव्हता.

भाचीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मावशी, दिवाच करू या ना पण? करू या, म्हटलं. पंप मारता येईल असा दिवा.

आणि कारण सापडलं की सगळं मार्गी लागतं, असंही नाही, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. उरलेलं एक्स-२ पॅकिंग बदलून उडायला लागलं. २७ सप्टेंबर १९५६ ला मेल ॲप्ट त्यात बसला. रॉकेटच्या विमानातलं त्याचं पहिलंच उड्डाण. आणि ते त्याने इतकं अचूक केलं की विमान मॅक ३.२ ला पोचलं. ध्वनीच्या तिप्पट वेग ओलांडणारा तो पहिला माणूस. मग परतायला तो वळला, वेग अजून तीनच्या वर असतानाच. विमान तिन्ही अंगांनी गरगरलं. येगरचं गरगरलं होतं तसंच, आणि या वेळी ते का गरगरतं हे माहीत होतं. येगरच्या उड्डाणाला तीन वर्षं होत आली होती, गणित मांडून झालं होतं, जास्त वेगात वळू नको हे त्याला आधी सांगितलेलंही होतं. वेग दाखवणारा काटा मागे पडत होता म्हणून तो फसला, की तळ्यापर्यंत परत पोचणार नाही या भीतीने लवकर वळला, यावर लोक अजून बोलतात. त्याने नाकाचा भाग सुटा केला, तो सुटला, पण त्यातून त्याला बाहेर पडता आलं नाही. चामड्याच्या वेळी कारण कोणाला दिसत नव्हतं. ॲप्टच्या वेळी ते समोर, कागदावर होतं, आणि ज्याला ते हवं होतं तो एकटा, वीस किलोमीटर उंचीवर, काही सेकंदांच्या हिशेबात.

बाबांच्या चित्रातलं नारिंगी विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याचं दुसरं भावंड, एक्स-१ मालिकेतलं क्रमांक दोनचं, याची गोष्ट मात्र मी बाबांना सांगू शकले असते तर बरं झालं असतं. त्याला कागदासारखे पातळ नवे पंख लावून एक्स-१ई केलं. १९५५ च्या डिसेंबरपासून ते उडायला लागलं, आधी वॉकर, मग जॉन मकाय. २६ उड्डाणं झाली. १९५८ च्या नोव्हेंबरात उड्डाणं संपवून जमिनीवर असताना त्याच्या इंधनाच्या टाकीचे एक्स-रे काढले. टाकी वरून ठणठणीत होती. फोटोत तिच्या भिंतीला तडा दिसला. त्यांनी विमान कायमचं उभं करून ठेवलं. एडवर्ड्सच्या, म्हणजे जुन्या म्युरॉकच्याच, तळावर ते अजून उभं आहे, एका इमारतीच्या दारात, खांबावर.